जावा ८ वरून १७ वर गेल्यावर कंटेनर का मारला जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी दाखले आणि प्रमाणपत्रांच्या पीडीएफ तयार करणारी एक सेवा जावा ८ वर, २ जीबी मेमरीची मर्यादा असलेल्या कंटेनरमध्ये (प्रोग्रामला वेगळे ठेवणाऱ्या कप्प्यात), अनेक वर्षे बिनतक्रार चालत होती. ती जावा १७ वर नेली, त्याच फेरीत स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्कही २.७ वरून ३ वर नेले, आणि तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी कंटेनर १३७ हा कोड देऊन बंद पडतो. लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ची एकही ओळ नाही आणि हीपच्या (प्रोग्रामच्या वस्तू राहतात त्या मेमरीच्या) हाताने काढलेल्या डंपमध्ये, म्हणजे नकलेत, संशय घ्यावा असे काही सापडत नाही. यावर आतापर्यंत मुख्य तीन सल्ले आले आहेत: जावा १७ जास्त मेमरी खाते, म्हणून ८ वर परत जा, रोज रात्री रीस्टार्ट लावा, आणि हीप वाढवा. पहिला सल्ला चुकीच्या निदानावर उभा आहे आणि दुसरा निदान पुढे ढकलतो. तिसरा मात्र सरळ घातक आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा लिनक्समधला ‘किल’ सिग्नल. कंटेनरने मेमरीची मर्यादा ओलांडली की कर्नल ती प्रोसेस जागच्या जागी संपवतो. जेव्हीएमला (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला) निरोपाची ओळ लिहिण्याचीही सवड मिळत नाही. हीप भरली असती तर जेव्हीएमने स्वतः एरर दिली असती, आणि मेमरी संपल्यावर हीप डंप काढण्याचा फ्लॅग तुम्ही लावलेला असल्याने डंपही आपोआप पडला असता. तसे काही झाले नाही, याचा अर्थ हीप तिच्या मर्यादेत होती आणि प्रोसेसची एकूण मेमरी कंटेनरच्या मर्यादेबाहेर गेली. अशा वेळी कंटेनर तेवढाच ठेवून हीप वाढवली, तर हीपबाहेरच्या गोष्टींसाठी उरलेली जागा आणखी कमी होते आणि तीन दिवसांनी मरणारा कंटेनर एका दिवसात मरतो.

तुम्ही ‘नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग’ (जेव्हीएमच्या मेमरीचा हिशेब ठेवणारी सोय) समरी पातळीवर चालू करून जेसीएमडी या जावाच्या साधनाने काढलेले आकडे दिले आहेत, हे फार बरे झाले, कारण त्यांच्याशिवाय या विषयावर बोलणे म्हणजे अंदाजपंचे आहे. एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) १५३६ एमबी आहे आणि हीप पूर्ण कमिट झालेली, म्हणजे सिस्टिमकडून घेतलेली आहे. मेटास्पेस (क्लासच्या माहितीची जागा) व क्लास मिळून १६८, कोड कॅश (कंपाइल झालेला कोड) ७४, नको झालेल्या वस्तू हटवणाऱ्या गार्बेज कलेक्टरची (जीसीची) स्वतःची रचना ८३, दोनशे साठ थ्रेडांचे स्टॅक ४०, डायरेक्ट बफर ६४, सिम्बॉल २४ आणि किरकोळ २०. बेरीज २००९ एमबी होते. मर्यादा २०४८ एमबी असल्यामुळे शिल्लक राहतात अवघे ३९ एमबी, आणि ज्या गोष्टी हे साधन मोजतच नाही त्या सगळ्यांनी या ३९ मध्ये भागवायचे आहे. तुम्हीच लिहिले आहे की जावा ८ वर डॉकरच्या आकडेवारीत हीच सेवा कायम १.९ जीबीच्या आसपास दिसे. म्हणजे ती तेव्हाही काठावरच उभी होती. अपग्रेडने तिला शंभर-दीडशे एमबीचा धक्का दिला, एवढेच. त्यामुळे जावा १७ किती खाते हा प्रश्न बाजूला ठेवून, १५३६ हा आकडा कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवला होता, हे आधी शोधावे लागेल.

आता त्या धक्क्याचे घटक पाहू. तुमच्या जुन्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये पर्मजेनची (क्लासच्या माहितीच्या जुन्या जागेची) कमाल मर्यादा २५६ एमबी ठेवणारा फ्लॅग होता, सीएमएस हा जुना गार्बेज कलेक्टर चालू करणारा फ्लॅग होता, आणि जीसी लॉगमध्ये तारीख छापणारा फ्लॅग होता. तिन्हींवर जावा १७ सुरूच झाली नाही, म्हणून तुम्ही ते काढून टाकले आणि पुढे गेलात. यातला पर्मजेनचा फ्लॅग काढल्याने काहीही बदललेले नाही, कारण पर्मजेन ही जागाच मार्च २०१४ मध्ये जावा ८ सोबत संपली. जावा ८ तो फ्लॅग पाहून फक्त इशारा छापत होती आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करत होती. क्लासच्या माहितीवर २५६ एमबीची मर्यादा आहे असे तुमची टीम इतकी वर्षे धरून चालली असेल, तर ती मर्यादा मुळात नव्हतीच. मेटास्पेसला डिफॉल्ट कमाल मर्यादा नसते. त्या फ्लॅगच्या जागी आता मेटास्पेसची कमाल मर्यादा २५६ घालावी का, असेही कोणीतरी विचारले आहे. घालायला हरकत नाही, पण तो संरक्षक कठडा म्हणून, म्हणजे क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) गळत असेल, जागा परत देत नसेल, तर ते लवकर कळावे म्हणून. त्याने मेमरी कमी होणार नाही.

मेटास्पेसबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जावा १६ मध्ये तिची अंतर्गत मांडणी नव्याने लिहिली गेली आणि न वापरलेली जागा ऑपरेटिंग सिस्टिमला जास्त तत्परतेने परत जाऊ लागली. त्यामुळे तीच कोडबेस ८ वरून १७ वर नेली तर हा आकडा साधारणपणे कमी व्हायला हवा. तुमचा वाढला आहे, तेव्हा संशय जेव्हीएमवर न घेता स्प्रिंग बूट ३, नवे हायबरनेट (डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) आणि त्यांच्यासोबत आलेल्या लायब्ररींवर घ्यावा लागेल. दोन्ही बदल एकाच रिलीजमध्ये केल्यामुळे कोणी किती वाढवले हे आज सांगता येत नाही. स्प्रिंग बूट २.७ हे जावा ८ वरही चालते आणि १७ वरही. आधी फक्त जेव्हीएम बदलून दोन आठवडे चालवले असते आणि मग बूट ३ वर गेला असता, तर हा गुंता झालाच नसता. बूट ३ ला किमान जावा १७ लागते, उलट बंधन नाही. बाकीच्या सेवा नेताना तरी हा क्रम पाळा.

सीएमएसचा फ्लॅग काढणे मात्र खरा बदल आहे. सीएमएस जावा १४ मध्ये काढून टाकले गेले. तो फ्लॅग नसताना तुमच्या कंटेनरमध्ये जी१ हा कलेक्टर लागू झाला, जो जावा ९ पासून डिफॉल्ट आहे. इथे एक सापळा आहे, तो सांगायलाच हवा. जेव्हीएमला दोनपेक्षा कमी प्रोसेसर किंवा १७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिसली तर ती जी१ निवडत नाही, गुपचूप सिरियल कलेक्टर निवडते. तुमच्या टेस्ट वातावरणात कंटेनरला एकच सीपीयू दिलेला आहे आणि प्रॉडक्शनमध्ये चार, असे तुम्ही लिहिले आहे. मग टेस्टमध्ये ही अडचण दिसली नाही यात नवल नाही; तिथे कलेक्टरच वेगळा होता. कलेक्टर कोणता हे नेहमी फ्लॅगने स्पष्ट लिहा, डिफॉल्टवर सोडू नका.

जी१ ला हीपबाहेर स्वतःची जागा लागते. जावा १७ मध्ये मार्किंगसाठी (जिवंत वस्तूंवर खूण करण्यासाठी) दोन बिटमॅप असतात आणि प्रत्येकाचा आकार हीपच्या चौसष्टाव्या भागाएवढा असतो. १५३६ एमबीच्या हीपला २४ अधिक २४, म्हणजे ४८ एमबी इथेच गेले. त्यावर कार्ड टेबल आणि रिमेम्बर्ड सेट, म्हणजे हीपच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाणारे संदर्भ नोंदवणाऱ्या याद्या. जावा १८ मध्ये रिमेम्बर्ड सेटची मांडणी बदलून ती काटकसरीची झाली आणि जावा २० मध्ये दोनपैकी एक बिटमॅप काढून टाकला गेला, त्यामुळे २१ वर हाच आकडा कमी दिसेल. जुन्या स्क्रिप्टमध्ये यंग जनरेशनचा (नव्या वस्तूंच्या भागाचा) आकार ठरवणारा एक्सएमएन अजून तसाच आहे, तोही काढा. सीएमएसच्या काळात तो गरजेचा होता. जी१ मध्ये तो ठेवला की पॉजची (कलेक्टरसाठी प्रोग्राम थांबण्याची) वेळ पाळण्यासाठी यंग भाग लहानमोठा करण्याची कलेक्टरची मुभाच जाते.

पीडीएफच्या सेवेसाठी जी१ चा एक गुण विशेष त्रासदायक ठरतो. जी१ हीपचे समान आकाराचे तुकडे पाडतो, त्यांना रीजन म्हणतात; तुमच्या हीपला एक रीजन १ एमबीचा पडतो. रीजनच्या निम्म्याएवढी किंवा त्याहून मोठी वस्तू ‘ह्युमंगस’ ठरते आणि तिला पूर्ण, स्वतंत्र रीजन दिले जातात. आता कोडमध्ये जागोजागी दिसणारा बरोबर १ एमबीचा बाइट अ‍ॅरे घ्या. अ‍ॅरेला १६ बाइटचा हेडर असतो, त्यामुळे तो एका रीजनमध्ये मावत नाही, दोन घेतो, आणि दुसऱ्या रीजनमधली जवळजवळ १ एमबी जागा तो अ‍ॅरे जिवंत असेपर्यंत कोणाच्याच कामाची राहत नाही. एकाच वेळी शंभर पीडीएफ तयार होत असतील तर शंभर एमबी अशीच वाया गेलेली असते, आणि हीप डंप उघडून पाहणाऱ्याला ती दिसत नाही, कारण डंपमध्ये वस्तू असतात, रिकाम्या जागा नसतात. जीसी लॉगमध्ये ‘जी१ ह्युमंगस अ‍ॅलोकेशन’ असे कारण वारंवार दिसते का ते पाहा. दिसत असेल तर रीजनचा आकार ४ एमबी करा. जिथे मोठ्या पीडीएफ थेट आउटपुट स्ट्रीममध्ये लिहिता येतील तिथे त्या आधी पूर्ण अ‍ॅरेत गोळा करू नका. हा दुसरा उपाय जास्त कष्टाचा, पण खरा आहे.

हीप डंपमध्ये काही सापडत नाही, म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष काही जणांनी काढला आहे. तो मान्य करता येणार नाही. पीडीएफमधले प्रवाह कॉम्प्रेस करण्यासाठी बहुतेक लायब्ररी जावाचा डिफ्लेटर वापरतात. डिफ्लेटरची हीपमधली वस्तू चिमुकली असते, पण तिच्यामागे झेडलिब ही लायब्ररी नेटिव्ह (हीपबाहेरच्या) मेमरीतून साधारण २५६ केबी घेते. काम झाल्यावर त्याची ‘एंड’ पद्धत हाक मारून बोलावली तर ती जागा ताबडतोब सुटते; न बोलावल्यास गार्बेज कलेक्टर त्या चिमुकल्या वस्तूपर्यंत पोहोचेपर्यंत अडकून पडते. हीप प्रशस्त आणि कलेक्टर निवांत असेल तर अशा चारशे वस्तू जमायला वेळ लागत नाही, आणि चारशे म्हणजे शंभर एमबी. पूर्वी या वर्गाला फायनलाइज पद्धत होती, ती जावा १२ मध्ये काढली गेली आणि साफसफाईचे काम क्लीनर यंत्रणेकडे गेले; एखाद्या जुन्या लायब्ररीने डिफ्लेटरचा उपवर्ग करून स्वतःची साफसफाई फायनलाइजच्या भरवशावर ठेवली असेल, तर ती एकदा तपासून पाहा. महत्त्वाचे हे, की झेडलिबने घेतलेली ही मेमरी नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंगच्या आकड्यांत येत नाही. त्या साधनाची बेरीज २००९ आणि प्रोसेसची रहिवासी मेमरी (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली) २०४० असेल तर ३१ एमबीचा हा फरकच आपला पुरावा आहे, आणि तो दिवसागणिक वाढतो का, हे पाहणे डंप उघडण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

त्या फरकात दुसरा भागीदार असतो जीलिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीतला, मेमरी वाटणारा मॅलॉक. अनेक थ्रेड एकाच वेळी मेमरी मागू लागले की तो वेगवेगळे अरीना (मेमरीचे स्वतंत्र साठे) तयार करतो, चौसष्ट बिटच्या सिस्टिमवर कोअरमागे कमाल आठ, आणि कोअर मोजताना तो कंटेनरचा सीपीयू कोटा पाहत नाही, नोडचे, म्हणजे कंटेनर ज्या यंत्रावर चालतो त्याचे, कोअर पाहतो. बत्तीस कोअरच्या नोडवर तुमच्या कंटेनरला वेळेचा कोटा चार सीपीयूंचा असला तरी मर्यादा २५६ अरीनांची धरली जाते. प्रत्येक अरीनात थोडीथोडी जागा विखुरलेली राहते आणि ती सहजासहजी परत जात नाही. ‘मॅलॉक अरीना मॅक्स’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ ठेवणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. अशा सेवांमध्ये त्याचा वेगावर जाणवण्याजोगा परिणाम मला दिसलेला नाही. जावा १८ पासून जेसीएमडीला नेटिव्ह हीप छाटण्याची आज्ञाही आहे. ती चालवल्यावर रहिवासी मेमरी झपकन उतरली, तर दुखणे विखुरलेपणाचे होते; जागची हलली नाही, तर कोणीतरी मेमरी खरोखर धरून बसले आहे. निदानासाठी ही आज्ञा फार उपयोगी पडते, पण १७ वर ती तुमच्या बिल्डमध्ये आहे का ते आधी पाहून घ्या.

तुमचा आणखी एक प्रश्न होता, की जावा ९ नंतर स्ट्रिंग निम्म्या जागेत मावतात असे सगळीकडे वाचले, मग आमची हीप का उतरली नाही. कारण तुमचा मजकूर मराठी आहे. ‘कॉम्पॅक्ट स्ट्रिंग्ज’ ही सुधारणा फक्त लॅटिन-१ मधल्या (इंग्रजी आणि पश्चिम युरोपीय) अक्षरांना लागू होते. त्यांना आता दोनऐवजी एक बाइट पुरतो. स्ट्रिंगमध्ये देवनागरीचे एक जरी अक्षर असले तरी पूर्ण स्ट्रिंग पूर्वीसारखीच प्रत्येक कोड युनिटला दोन बाइट घेते. म्हणजे इंग्रजी पत्त्याशेवटी मराठीत गावाचे नाव जोडले की त्या सगळ्या पत्त्याचा फायदा गेला. स्ट्रिंग बिल्डरचेही तसेच: सुरुवात इंग्रजी टॅगने झाली तर तो एक-बाइटच्या रूपात सुरू होतो आणि पहिले देवनागरी अक्षर येताच आतापर्यंतचे सगळे दुप्पट जागेत नकलून घेतो. नावे, गावे, तालुके आणि जातींची नावे तुमच्या डेटात हजारो वेळा पुन्हापुन्हा येत असणार, म्हणून इथे स्ट्रिंग डीडुप्लिकेशनचा (सारख्या स्ट्रिंगांचा मजकूर एकदाच ठेवण्याचा) फ्लॅग लावून पाहण्यासारखा आहे. तो जी१ वर जावा ८ च्या विसाव्या अपडेटपासून उपलब्ध आहे, फक्त डिफॉल्ट बंद असतो. फायदा किती होईल हे तुमच्या कॅशवर अवलंबून आहे, क्षणभंगुर स्ट्रिंगांवर त्याचा उपयोग नाही.

आता करायचे काय. आधी कंटेनरची मर्यादा तात्पुरती ३ जीबी करा, हीप मात्र १५३६ वरच ठेवा. हे मोजमापासाठी आहे, कायमचे नाही. यात सेवा आठवडाभर चालू द्या, नेटिव्ह ट्रॅकिंगची बेसलाइन (तुलनेसाठीची नोंद) पहिल्या तासानंतर घ्या आणि रोज एकदा तिच्याशी फरक काढा. ओरॅकलच्या दस्तऐवजानुसार या ट्रॅकिंगने ५ ते १० टक्के वेग कमी होतो, तेवढे सोसावे. सोबत रहिवासी मेमरीचा आकडाही नोंदवा. फुल जीसीनंतर हीपमध्ये प्रत्यक्ष जिवंत डेटा किती उरतो तेही पाहा. तुमच्या वर्णनावरून तो सातशे एमबीच्या घरात असावा असे वाटते, आणि तसे असेल तर २ जीबीच्या कंटेनरला १२०० एमबीची हीप पुरेशी आहे. एक्सएमएक्सऐवजी मॅक्स रॅम पर्सेंटेज (कंटेनरच्या मेमरीच्या टक्केवारीत कमाल हीप ठरवणारा फ्लॅग) वापरायचे तर इतक्या लहान कंटेनरला मी ६० पेक्षा जास्त ठेवणार नाही. सगळीकडे सांगितले जाणारे ७५ हे चार जीबीच्या पुढे ठीक आहे, कारण हीपबाहेरचा खर्च हीपच्या प्रमाणात वाढत नाही. दोन्ही एकदम लिहू नका, एक्सएमएक्स असताना टक्केवारी विचारातच घेतली जात नाही. मिन रॅम पर्सेंटेज नावाला भुलूनही तो फ्लॅग लावू नका. तो किमान हीप ठरवत नाही, अगदी लहान मेमरीच्या यंत्रांवरची कमाल हीप ठरवतो.

पॅरलल कलेक्टर वापरा, असे एका उत्तरात सुचवले आहे. तो सल्ला मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. रात्री बॅचमध्ये दाखले काढणारी सेवा असेल तर मी बेलाशक पॅरलल घेईन. तिथे अर्ध्या सेकंदाच्या पॉजची कोणाला फिकीर नाही आणि बिटमॅप-रिमेम्बर्ड सेटचा खर्च वाचतो. तुमच्याकडे नागरिक खिडकीसमोर थांबलेला असतो, म्हणून जी१ राहू द्या.

जावा ८ वर परत जाण्याचा आग्रह धरणाऱ्यांसाठी एक सूचना. नोडची ऑपरेटिंग सिस्टिम नुकतीच नवी केली असेल आणि त्यावर सीग्रुपची (कंटेनरच्या मर्यादा पाळणाऱ्या कर्नलमधल्या यंत्रणेची) दुसरी आवृत्ती डिफॉल्ट असेल, जशी उबंटू २२.०४ किंवा रेड हॅट ९ वर असते, तर अपडेट ३७२ च्या आधीची जावा ८ कंटेनरची मर्यादा ओळखूच शकत नाही. ती नोडची पूर्ण मेमरी आपली समजते आणि एक्सएमएक्स दिलेले नसेल तर तिचा चौथा भाग हीपसाठी राखते. ६४ जीबीच्या नोडवर ती १६ जीबीच्या हीपची स्वप्ने पाहते. जावा ११ मध्ये हा आधार ११.०.१६ पासून आहे. त्यामुळे परत जायचेच असेल तर निदान ताज्या अपडेटवर जा.

सतरावर कायम थांबण्यालाही मला फारसा अर्थ दिसत नाही. एकदा जॅकार्टाच्या नावबदलाचे (जावाएक्सची पॅकेजे जॅकार्टा नावाने आली त्याचे) आणि बंद झालेल्या रिफ्लेक्शनचे (जावाच्या आतल्या वर्गांत डोकावण्याच्या मार्गाचे) कष्ट उपसून झाले की २१ पर्यंतचे अंतर थोडे आहे, आणि जी१ ची वर सांगितलेली काटकसर तिथे काहीही न करता मिळते. २५ मध्ये वस्तूंचे हेडर १२ वरून ८ बाइटवर आणणारा फ्लॅगही प्रायोगिक राहिलेला नाही, जरी तो स्वतःहून चालू होत नाही. लहान वस्तूंची गर्दी असलेल्या हीपला तो मानवेल. पण हे सगळे गळती आहे की नाही हे ठरल्यानंतर. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की पहिल्या आणि सातव्या दिवसाचे फरक इथे द्या, आणि त्यांच्यासोबत रहिवासी मेमरीचे दोन्ही आकडे, थ्रेडांची संख्या आणि त्या काळात किती पीडीएफ निघाल्या हेही द्या. ट्रॅकिंगबाहेरचा फरक पीडीएफच्या संख्येबरोबर वाढत असेल तर डिफ्लेटरकडे वळू, आणि वेळेबरोबर वाढून एका पातळीवर स्थिर होत असेल तर अरीनांकडे.